सातव्या वळणावरच्या म्हशी

पहिली नोटीस चंद्रीनं खाल्ली.

समितीच्या पोरांनी ती गोठ्याच्या दारावर भल्या सकाळी चिकटवली होती, आणि चिकटवायला कणकेची खळ घेतली होती. म्हशीच्या तोंडापासून हातभर अंतरावर कणकेची खळ लावायची आणि म्हशीनं ती नुसती बघत उभं राहावं अशी आशा धरायची, एवढ्यावरूनच कळत होतं की पोरं अनगोळची नव्हेत. जयाक्का दुधाची चरवी घेऊन बाहेर आली तेव्हा दारावर कागदाचे चार कोपरे तेवढे उरले होते आणि चंद्री डोळे मिटून रवंथ करत होती.

"कसला कागद होता गं?" जयाक्कानं तिलाच विचारलं. "बरा लागला का?"

दुसरी नोटीस संध्याकाळी आली. ती जयाक्काच्या सुनेनंच आणली, प्लास्टिकच्या फोल्डरात घालून, वर ओढणी झाकून. माधवी खानापूरकडची, कॉलेज शिकलेली. सहा महिन्यांपासून ती सर्किट समितीच्या हापिसात कॉम्प्युटरवर बसायची. शहराच्या रस्त्यांवरून मोटारींची शर्यत घ्यायची म्हणून ही समिती निघाली होती, आणि अनगोळात तेव्हा दुसरा विषयच नव्हता.

"कुणी लिवलंय हे?" जयाक्कानं कागद उलटासुलटा केला.

"टाईप मीच केलंय, आत्ती."

"व्वा! सासूला हलवायचा कागद सुनेनं टाईप करायचा. शिकलेली सून केली त्याचं सोनं झालं."

"तुम्हाला न्हवं हो, गोठा हलवायचा—"

"मग म्हशी काय शेजारणीच्या हाईत?"

जयाक्का दुसरीपर्यंत शाळेत गेली होती. अक्षराला अक्षर लावत तिला वाचता यायचं, आणि सही ती अशी दाबून करायची की खालच्या कागदावरही उमटावी. पण नोटीस कानडीत होती, खाली इंग्रजी. मराठीचा पत्ता नव्हता.

"मराठीतली कुठं हाय?"

"मागनं येणार म्हणालेत."

"येऊ दे की मग. तवर माझ्या लेखी हा कागद कोरा."

तरी माधवीनं तो वाचून दाखवलाच, कारण नोकरी तिची होती. तीन किलोमीटरचा रस्ता, चौदा वळणं. सातवं वळण बरोबर जयाक्काच्या गोठ्याच्या कोपऱ्यावर येत होतं. तेव्हा गोठा तिथून उठवून पिरनवाडीला न्यावा. समिती तिकडं पत्र्याची शेड बांधून देईल. संमतीची सही खाली करावी. आणि येत्या दिवाळी पाडव्याला एका मोटारीची दाखवणीची फेरी होणार असल्यानं त्या दिवशी रस्ता माणसांना आणि जनावरांना दिवसभर बंद.

शेवटच्या ओळीपर्यंत जयाक्का लसूण सोलत होती. तिथं तिचा हात थांबला.

"पाडव्याला?"

"व्हय."

"तीनशे पासष्ट दिवसांत ह्यांना दुसरा दिवस घावला न्हाय?"

पाडव्याला त्या रस्त्यावरून म्हशी पळत, आणि लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून जयाक्काचा एकही पाडवा त्याशिवाय गेला नव्हता. सकाळी म्हशींना धुऊन तेल लावायचं, शिंगं रंगवायची, शिंगांना मोरपिसं आणि गोंडे, गळ्यात कवड्यांचे पट्टे. मग दुपारी पुढं मोटारसायकल निघायची, सायलेन्सर काढलेली, फुटक्या ढोलासारखी धडधडणारी, आणि तिच्यामागं म्हैस. दावं नाही, काठी नाही. म्हैस पळायची ती निव्वळ आवाजावर. ती शिकवण महिनाभर आधी सुरू व्हायची: गाडी सुरू केली की तोंडापुढं पेंड, गाडी बंद केली की पुन्हा पेंड. जयाक्काचा नवरा परशराम आपल्या राजदूतवर हे करायचा. तो गेल्यावर त्याच गाडीवर मुलगा मष्णू बसू लागला. गाडी तीच, आवाज तोच, म्हणून म्हशींना मालक गेल्याचं कळलंच नाही, असं जयाक्का म्हणायची. आणि म्हणून झालं की उठून गोठ्यात जायची.

समितीनं मंगल कार्यालयात गल्लीची बैठक बोलावली. पुढं पडद्यावर नकाशा, आणि नकाशापुढं अरिहंत मगदूम. निपाणीचा पोरगा, तंबाखूच्या वखारवाल्यांच्या घरातला. परदेशात मोटारी पळवून आला होता, आणि आपल्या भागात शर्यत व्हावी हे खूळ त्याचंच. बोलायला मऊ. त्यानं हातातल्या दांडीनं नकाशावर लाल ठिपका पाडला.

"हे वळण सात. सगळ्यात अवघड. इथं गाडी दीडशेच्या वेगावरून एकदम साठवर येते."

"ते वळण सात न्हवं," मागून आवाज आला. "तो माझा गोठा हाय."

सगळे हसले. अरिहंतही हसला, आणि त्यामुळंच जयाक्का उठून पुढं गेली.

"आज्जी, गोठ्याशी आमचं भांडण न्हाय," तो म्हणाला. "पण जनावर आवाजाला भितं. भ्यालं की रस्त्यावर येतं. जनावराचाही जीव जाईल, चालवणाऱ्याचाही."

"कोण भितं? तुझ्या आज्ज्याच्या वखारीत घूस निघाली की तुम्ही भीत असशिला. माझ्या म्हशी मोटारसायकलमागं पळतात, बाळा. सायलेन्सर काढलेल्या."

"तेच म्हणतोय मी. पळतात."

"घरच्या गाडीमागं! परक्या आवाजाला माझी चंद्री कान सुद्धा हलवत न्हाय."

मागच्या रांगेत मष्णूनं डोक्याला हात लावला. आईच्या तोंडातून असलं काही निघालं की ते परत आत घालायला देव आला तरी जमत नसे, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

"म्हणजे आमची मोटार गोठ्यासमोरून गेली तरी म्हशी गप्प राहतील?" अरिहंतनं विचारलं.

"खुंट्याला बांधून ठेवीन आणि गप्प राहतील. लाव शर्त."

"आज्जी, शर्त कशाला—"

"का? शर्यती घेतोस आणि शर्तीला भितोस?"

आता हॉल अरिहंतकडं बघून हसला. निपाणीच्या मगदुमालाही नाक होतं. तो म्हणाला, ठीक आहे. पाडव्याला सकाळी अकराला फेऱ्या सुरू, दुपारी चारला संपतील. तोवर म्हशी गप्प राहिल्या तर गोठा हलवायचा विषय समिती पुन्हा काढणार नाही, आणि पुढच्या वर्षापासून पाडव्याला तो रस्ता म्हशींचा. हलल्या तर आज्जींनी सही करायची.

"आणि चार वाजले की त्या दिवशीच सोडणार मी. चारला एक मिनिट झालं तरी थांबणार न्हाय."

"सोडा."

"आणि सजवणार. सणाचं जनावर बोडकं ठेवत न्हाय आमी."

"सजवा की, आज्जी."

चूक तिथं झाली. दोघांनाही ती दिसली नाही. माधवीनं मान खाली घालून शर्त बैठकीच्या वहीत लिहून घेतली.

पाडव्याआधीच्या आठवड्यात रस्त्याचं रूप पालटलं. जे डांबर मागून मागून गल्लीचे जोडे झिजले होते ते तीन दिवसांत पडलं, वर काचेसारखं गुळगुळीत झालं. शाळेसमोरचा गतिरोधक, ज्याच्यासाठी जयाक्का एकदा रस्त्यात खुर्ची टाकून बसली होती, तो उखडून नेला. दोन्ही बाजूंना सिमेंटचे कठडे आले, त्यांवर जाळ्या, कोपऱ्यांवर जुन्या टायरांच्या थप्प्या. गल्लीतल्या सगळ्या गाड्या आदल्या दिवशी उद्यमबागेकडच्या मैदानात नेऊन लावायला सांगितल्या. मष्णूची राजदूतही तिकडं गेली. घरटी पास दिले, गळ्यात अडकवायचे, फोटोसकट. कठड्याच्या फटीतून ये-जा करायची तर पास पाहिजे.

पाडव्याच्या सकाळी जयाक्कानं आपला पास चंद्रीच्या गळ्यात घातला, कवड्यांच्या पट्ट्यावर.

"आत्ती, तो तुमचा हाय," माधवी म्हणाली. ती हापिसला निघाली होती. त्या दिवशी तिला वरच्या मनोऱ्यात बसायचं होतं, जिथून सगळा रस्ता दिसतो.

"मला अनगोळात पास लागत न्हाय. तिचा फोटो बरा आलाय."

नऊच्या नऊ म्हशी सजल्या. शिंगं भगवी, लाल, हिरवी झाली. अंगं तेलानं अशी चमकत होती की बघणाऱ्याची नजर घसरावी. कपाळाला हळदकुंकू, पेंडीचा घास. मग जयाक्कानं त्यांना दावणीला बांधलं. दावण म्हणजे एकच लांब जाड दोर, दोन्ही टोकांना दोन खुंटे, आणि मधे नऊ म्हशींचे नऊ फास. दोन्ही खुंटे तिनं स्वतः ठोकले, गाठीवर गाठ मारली, वर पाय देऊन ओढून बघितलं. तिला शर्त जिंकायची होती, आणि ती सरळ जिंकायची होती.

चंद्री मात्र उभी राहिना. एक पाय उचलायची, टेकायची. कान दाराकडं. बाकीच्या आठ तिच्याकडं बघत होत्या.

"काय झालं गं तुला?" जयाक्कानं तिच्या पाठीवर थाप मारली, आणि थाप मारता मारताच तिच्या ध्यानात आलं.

शिंगं रंगवली, पट्टा घातला, हळदकुंकू झालं, पेंड झाली. म्हशीच्या हिशेबानं आता एकच गोष्ट राहिली होती. गेली आठ वर्षं चंद्रीला ह्यापुढं दुसरं काही माहीत नव्हतं. सगळी पंगत बसवून, पानं वाढून, आणि जेवू नका म्हणून सांगितल्यासारखं जयाक्कानं केलं होतं.

"मष्ण्या! पट्टे काढ! पट्टे काढ आधी हिचे—"

तेवढ्यात आवाज आला.

लांबून, नाक्याकडून, आधी चिरका, मग भरदार. राजदूतच्या आवाजाशी त्याचं काही नातं नव्हतं. राजदूत म्हणजे गल्लीतला ढोल. हा आवाज आभाळ फाडत येत होता. जयाक्कानं चंद्रीच्या कानाकडं बघितलं. कान हलला. मग दुसरा हलला. मोटार गोठ्यासमोरून गेली ती दिसली सुद्धा नाही, नुसता वारा आला आणि दारातल्या आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या आडव्या झाल्या. चंद्रीनं मान खाली घातली आणि एक झटका दिला. टोकाचा खुंटा मातीसकट वर आला. दावणीचं एक टोक सुटलं आणि फासामागून फास मोकळे झाले, नऊच्या नऊ. मष्णू दारात आडवा झाला आणि लगेच शहाणपणानं बाजूला झाला.

कठड्याला गोठ्यासमोरच फट होती, गल्लीच्या माणसांसाठी ठेवलेली. म्हशी तिच्यातून एकामागोमाग एक निघाल्या, धक्काबुक्की न करता, आणि डाव्या हाताला वळून मोटार गेली त्या दिशेनं पळाल्या.

जयाक्का मागं धावली. फटीपाशी पहाऱ्यावरच्या समितीच्या पोरानं हात आडवा धरला.

"आज्जी, पास?"

"पास म्हशीकडं हाय! ती पुढं गेली!"

पोरगा विचार करीस्तोवर ती रस्त्यावर होती. दोन्ही बाजूंना जाळ्यांमागं माणसंच माणसं, आणि सगळी ओरडत होती. अर्ध्यांना वाटलं हे कार्यक्रमातच आहे. पुढं नऊ रंगीत म्हशी नव्या डांबरावर खुरांचा ताशा वाजवत चालल्या होत्या, आणि त्यांच्याही पुढं, आठव्या वळणावर, अरिहंतनं आरशात बघितलं असावं. मोटारीचा वेग एकदम उतरला. झेंडेवाले झेंडे हलवत कठड्यांवरून आत उड्या टाकू लागले. एक लाल झेंडा चंद्रीच्या नाकासमोर फडफडला तशी ती बिचकली, जाळीकडं सरकली. जाळीच्या खालच्या अंगाला लेकुरवाळ्या बायका बसल्या होत्या.

मोटार थांबायच्या बेतात होती. आवाज खाली खाली येत होता.

"बंद करू नको!" जयाक्का ओरडली. पण तिच्या तोंडाचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

आणि मग तेच वाक्य आभाळातून आलं. खांबाखांबावरच्या कर्ण्यांतून, तीन किलोमीटरभर.

"इंजिन बंद करू नका! अरिहंत सर, बंद करू नका, म्हशी गर्दीत घुसतील! सगळे झेंडे खाली! सर, हळू चालवत पुढं राहा. त्या तुमच्या मागनं येतात!"

माधवी होती. मनोऱ्यातल्या निवेदकाच्या हातातला माईक तिनं हिसकावून घेतला होता. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला जयाक्कानं तिला हेच शिकवलं होतं: आवाज तुटला की म्हशीला वाट कळत नाही, मग ती माणसाला बघत नाही. तेव्हा सूनबाईचं लक्ष मोबाईलमध्ये होतं असं जयाक्काला वाटलं होतं.

झेंडे खाली गेले. मोटार पुन्हा गुरगुरली. जमिनीला चिकटलेली, लाल, एकाच माणसाच्या बसण्याएवढी ती मोटार माणसाच्या दुडक्या चालीनं पुढं निघाली, मधेच आचके देत, कारण इतकं हळू चालणं तिला शिकवलेलंच नव्हतं. मागं चंद्री, गळ्यात जयाक्काचा फोटो. तिच्यामागं आठ जणी. अख्खी फेरी झाली. जाळ्यांमागची माणसं उभी राहिली, कुणी हलगी आणली होती ती वाजायला लागली. रस्ता बंद होता, शर्यतीचा होता, पण पाडव्याला म्हशी त्याच रस्त्यावरून पळाल्या, आणि ह्या खेपेला बघायला सारं शहर होतं.

जयाक्का आडव्या बोळानं गोठ्यापाशी परत आली आणि पेंडीची बुट्टी घेऊन सातव्या वळणावर उभी राहिली. मोटार आली तसा तिनं हात वर केला, परशरामला करायची तसाच.

"आता कर बंद!"

शांतता झाली. जयाक्कानं बुट्टी पुढं धरली. चंद्रीनं तोंड घातलं. आठ जणी भोवती गोळा झाल्या.

अरिहंतनं हेल्मेट काढलं. घामानं निथळत होता आणि हसत होता. मग त्याला जयाक्काचं तोंड दिसलं आणि त्याचं हसू गेलं.

"किती वाजले रं?"

"अकरा पस्तीस, आज्जी."

"म्हंजे चार वाजले न्हाईत. म्हशी हलल्या. कागद आण."

"आज्जी, आज राहू दे. सण हाय."

"शर्त सणालाच लागली होती. आण म्हणते न्हवं?"

तो आणायला गेला तेव्हा तिनं आरतीचं ताट मागवलं. म्हशींपुढं जो येतो त्याला ओवाळायचं असतं; तो कोण आहे ते बघायचं नसतं. परत आलेल्या अरिहंतला तिनं टिळा लावला, ओवाळलं, आणि मग मोटारीच्या गरम पाठीवर कागद ठेवून सही केली. जयाबाई परशराम. इतकी दाबून की कागद फाटला.

चारला एक मिनिट झालं तेव्हा तिनं म्हशी पुन्हा सोडायला सांगितल्या नाहीत. गोठ्याचं दार लावून घेतलं.

चार दिवसांत म्हशी पिरनवाडीला गेल्या. शेड चांगली होती, पत्रा नवा, पाण्याला नळ. मष्णू तिकडंच झोपू लागला. गल्लीतल्या बायका हळहळल्या, काहीजणी आतून खुशही झाल्या. माधवी सासूच्या नजरेला नजर देईना. "नोकरी सोडू का?" असं एकदा म्हणाली.

"सोडू नको," जयाक्का म्हणाली. "तुझी वही काढ. शर्तीत काय लिवलंयस ते शब्दाला शब्द वाच."

"गोठा पिरनवाडीस हलवण्यास संमती द्यावी."

"हलवला. आणिक?"

"आणिक काही न्हाय."

"दूध कुठं काढायचं त्याबद्दल?"

माधवीनं वही मिटली आणि पहिल्यांदाच सासूकडं नीट बघितलं.

जयाक्काचं गिऱ्हाईक पिशवीतलं दूध घेणारं नव्हतं. चाळीस वर्षं ते गोठ्यासमोरच्या कट्ट्यावर येऊन उभं राहत होतं, सकाळ-संध्याकाळ, आपापलं भांडं घेऊन. म्हैस समोर उभी पाहिजे, धार डोळ्यांदेखत भांड्यात पडली पाहिजे, फेस वर आला पाहिजे. पिरनवाडीत काढून कॅनमधून आणलेलं दूध त्यांच्या लेखी पाणीच. तेव्हा दुसऱ्या दिवसापासून नऊ म्हशी पहाटे पिरनवाडीतून निघाल्या, तासाभराची वाट चालून अनगोळच्या कट्ट्यावर आल्या, धारा देऊन परत गेल्या. संध्याकाळी पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. शर्यत चार महिन्यांवर होती, तोवर रस्ता सगळ्यांना खुला होता, आणि त्या वाटेचा निम्मा भाग म्हणजे समितीचं गुळगुळीत सर्किट होतं. मोकळं डांबर म्हशींना आवडलं. त्या रमतगमत चालत, आणि चालता चालता म्हशीला जे करायचं असतं ते करत.

समितीनं दोन माणसं झाडू देऊन ठेवली. मग चार. मग पाण्याचा टँकर. वळण सातवर तर शेणाचा असा थर बसू लागला की टँकरच तिथं घसरून टायरांच्या थप्पीला जाऊन टेकला. बाहेरगावचे तपासणीस रस्ता बघायला आले ते नेमके संध्याकाळच्या धारेला. त्यांतला एक वाकून डांबराला बोट लावून बघत होता. त्याला काय लागलं ते गल्लीनं बघितलं.

"आई, तू हे मुद्दाम करुलालीस व्हय?" मष्णूनं विचारलं.

"मी शब्द पाळूलालेय," जयाक्का म्हणाली. "त्यांनी म्हशी हलवा म्हटलं. रोज चार खेपा हलवते. अजून किती हलवू?"

बाराव्या दिवशी सकाळी अरिहंत आला. एकटाच, चालत, पँट घोट्यापर्यंत दुमडलेली. कट्ट्यावर भांडी घेऊन वीसेक माणसं उभी होती. तो त्यांच्या मागं रांगेत उभा राहिला. आपली पाळी आली तेव्हा त्यानं रिकामे हात दाखवले.

"भांडं न्हाय आणलंस?"

"आज्जी, म्हशी परत आणा."

"ऐकू न्हाय आलं."

"म्हशी परत आणा!" तो मोठ्यांदा म्हणाला, आणि रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "गोठा इथंच राहू दे. मी वळण सात काढून टाकलंय. रस्ता वरच्या अंगानं वळवतोय."

"माझ्यावर दया करुलालास? मी शर्त हरलेय. हरलेलं परत घेत न्हाय मी."

"दया कसली! तुम्ही हरलात त्यानं माझा रस्ता गेला. तपासणीस म्हणाले, एक तर म्हशींची रोजची ये-जा थांबवा न्हाय तर शर्यत विसरा. मी तुमच्या पाया पडायला आलोय."

"असं म्हण की मग. म्हंजे तू मागतोयस."

"मागतोय."

"आणि पाडवा?"

"पाडव्याला सर्किट बंद. दरवर्षी. लिहून देतो."

"मराठीत?"

अरिहंतनं खिशातून घडी काढली. मराठीतच होतं, टाईप केलेलं, दोन प्रती. जयाक्कानं ओलं बोट पदराला पुसलं आणि अक्षराला अक्षर लावत सगळं वाचलं. रांग थांबली, चंद्री थांबली, कुणी घाई केली नाही. शेवटच्या ओळीवर ती अडली.

"हे काय हाय? 'पाडव्याच्या फेरीस समितीची मोटार पुढे धावेल, आज्जींची परवानगी असल्यास.'"

"ती ओळ माझी," तो म्हणाला.

"तुझी मोटार आचके देते."

"दुरुस्त करतो."

"कर. मग सांगते. पहिला मान राजदूतचा."

टाईप कुणी केलं हे तिनं विचारलं नाही. मराठीत शुद्धलेखनाची एक चूक नव्हती, आणि दारात माधवी चरवी घेऊन उगाचच उभी होती.

जयाक्कानं एक प्रत घडी घालून कनवटीला लावली. दुसरी हातात धरून तिनं सुनेला हाक मारली.

"माधवी, वाटीभर खळ शिजवून आण. कणकेची."

"कशाला, आत्ती?"

"ही दारावर लावायची. तिथंच, म्हशीच्या तोंडापासून हातभर अंतरावर," जयाक्का म्हणाली आणि चरवी गुडघ्यांत धरून चंद्रीच्या कासेखाली बसली. "पहिली तिनं वाचली होती. ही बी तिलाच वाचू दे."